कोरीव कामासाठी बासवुड कसे पारखावे: खानदेशातल्या हौशी कारागिरांसाठी

खानदेशात लाकडावरचे कोरीव काम म्हटले की आधी साग आठवतो. गावोगावच्या जुन्या वाड्यांचे खांब, तुळया आणि दारांच्या चौकटी पाहिल्या की कारण कळते: सातपुड्याचा साग हाताशी असताना दुसऱ्या लाकडाचा विचार करण्याची गरज आपल्याकडच्या सुतारांना फारशी पडली नाही. पण पटाशी आणि लाकडी हातोडा घेऊन सागावर बसणारा कसबी सुतार वेगळा आणि संध्याकाळी ओट्यावर बसून चाकूने पोळ्याचा बैल किंवा छोटा गणपती कोरू पाहणारा हौशी माणूस वेगळा. नुसत्या हाताच्या जोरावर चाकू चालवायचा तर साग लवकर दमवतो. त्यात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात आणि ते हत्याराची धार भराभर खातात. लाकडात पोलादी गोळी निम्मी रुतवायला किती जोर लागतो, यावरून लाकडाचा टणकपणा मोजण्याची जान्का नावाची एक कसोटी आहे. तिच्यात साग सुमारे ४,७०० न्यूटन भरतो, तर बासवुड अवघे १,८०० न्यूटन. जगभर नवशिक्याच्या हाती पहिल्यांदा बासवुड का दिले जाते, हे एवढ्यावरून स्पष्ट होते.

बासवुड म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातले टिलिया अमेरिकाना हे झाड. युरोपात याच कुळातल्या झाडाला लाइम किंवा लिंडन म्हणतात आणि तिथल्या कोरीव कामाची मोठी परंपरा त्याच लाकडावर उभी आहे. जर्मनीतल्या टिलमन रीमेनश्नायडरच्या मूर्ती आणि पुढे सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या ग्रिनलिंग गिबन्सची नाजूक पानाफुलांची कामे लाइमच्याच लाकडातली आहेत. जपानमध्ये शिना नावाने ओळखले जाते तेही त्यांचेच भावंड. म्हणून विक्रेत्याने ठोकळ्यावर लिंडन, लाइमवुड किंवा नुसते टिलिया लिहिले असले तरी बिचकण्याचे कारण नाही. कोरताना यांत थोडाफार फरक जाणवतो, पण जातकुळी एकच. चीनमधूनही याच कुळातले लाकूड येते आणि तेही बासवुड म्हणूनच विकले जाते.

हे झाड आपल्याकडे होत नाही. धुळे, जळगाव किंवा शहाद्याच्या वखारीत चौकशी केली तर बहुधा नकारच मिळेल, कारण कांडला-गांधीधाममार्गे जे परदेशी लाकूड येते ते मुख्यतः बांधकामाचे आणि फर्निचरचे असते. त्यामुळे बासवुड घ्यायचे ते ऑनलाइन, कोरण्यासाठी कापलेल्या तयार ठोकळ्यांच्या स्वरूपात, हाच सध्याचा व्यवहार्य मार्ग आहे. अडचण अशी की वखारीत आपण लाकूड उलटसुलट करून, नखाने टोकरून, वास घेऊन पाहतो. इथे मात्र फोटोवर विश्वास ठेवावा लागतो. त्यामुळे मागवण्यापूर्वी काय विचारायचे आणि हातात आल्यावर काय तपासायचे, या दोन्ही गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्यात.

मागवण्यापूर्वी

विक्रेत्याकडे सर्वांत आधी ठोकळ्याच्या टोकाचा, म्हणजे जिथे करवतीने आडवे कापलेले असते त्या चौकोनी तोंडाचा, जवळून काढलेला फोटो मागावा. लांब बाजू सगळ्याच लाकडांच्या फोटोत गोऱ्या आणि गुळगुळीत दिसतात. खरी ओळख टोकाला पटते. चांगल्या बासवुडच्या टोकावर वर्षवलये असतात, पण ती फिकट आणि एकमेकांना लागून असतात, आणि छिद्रे इतकी बारीक असतात की भिंगाशिवाय दिसत नाहीत. टोकावर डोळ्यांना भोके दिसत असतील, तर ते पॉलोनिया, मलबार नीम किंवा असेच दुसरे हलके लाकूड असण्याची शक्यता जास्त. मलबार नीम आता शेतकरीही लावतात. खोक्यांना आणि प्लायवुडला ते चांगले, पण डोळ्यांच्या पापण्या कोरायच्या असतील तिथे त्याची भरड नस, म्हणजे तंतूंची ठेवण, आड येते.

दुसरा प्रश्न, ठोकळा अखंड आहे की जोडलेला. मोठे ठोकळे कित्येकदा पातळ फळ्या डिंकाने चिकटवून केलेले असतात. त्यात फसवणूक असतेच असे नाही, मोठ्या मूर्तीसाठी जोडलेले लाकूड उलट कमी तडकते. पण डिंकाच्या रेषेवर चाकू अडतो आणि दोन्ही बाजूंची नस वेगळी असेल तर एकीकडे लाकूड गुळगुळीत कापले जाते आणि दुसरीकडे उपसले जाते. लहान कामाला अखंडच घ्यावा. तिसरा प्रश्न लाकूड कसे वाळवले, याचा. भट्टीत घाईने आणि जास्त उष्णतेत वाळवलेले बासवुड काहीसे कडक व ठिसूळ होते, तर हवेत सावकाश वाळलेले चाकूखाली अधिक मऊ लागते. बहुतेक विक्रेत्यांना याचे उत्तर देता येत नाही, तरी विचारावे. ज्याला देता येते तो आपला माल ओळखतो एवढे तरी समजते.

पहिल्याच खेपेला मोठा गठ्ठा मागवू नये. लहानसा संच मागवून तपासावा आणि जमल्यास त्याच विक्रेत्याकडून पुन्हा घ्यावा. मात्र लाकूड हे झाडागणिक बदलते, त्यामुळे प्रत्येक खेपेला नव्याने पारखणे आलेच.

हातात आल्यावर

खोके उघडल्यावर सर्वांत उपयोगी पडतो तो घरातला वजनकाटा. स्वयंपाकघरातला चालतो, जळगावकरांना ओळखीच्या सराफाकडचा मिळाला तर आणखी बरे, जरी लाकूड तोलायला आणल्याचे पाहून तो हसेल. वाळलेल्या बासवुडची घनता घनमीटरला साधारण ४१५ किलो असते. ठोकळ्याची लांबी, रुंदी आणि जाडी सेंटिमीटरमध्ये मोजून गुणावी आणि त्या गुणाकाराला ०.४१५ ने गुणावे. जे उत्तर येईल तेवढे ग्रॅम वजन अपेक्षित आहे. उदाहरणार्थ १५ सेंटिमीटर लांब आणि ५ बाय ५ जाडीचा ठोकळा ३७५ घनसेंटिमीटर भरतो, म्हणजे वजन १५६ ग्रॅमच्या आसपास हवे. माप ठोकळ्यावरच घ्यावे, जाहिरातीतले घेऊ नये, कारण रंधा मारल्यावर ते हमखास कमी भरते. थोडाफार फरक नैसर्गिक आहे. पण याच मापाचा ठोकळा २०० ग्रॅमच्या पुढे गेला तर एक तर तो ओला आहे किंवा बासवुड नाही; आणि ११०–१२० ग्रॅमच्या खाली उतरला तर ते दुसरेच एखादे हलके लाकूड असावे किंवा आतून कुजलेले असावे.

ओला की वेगळा, याचा उलगडा व्हायला थोडे दिवस लागतात. ठोकळ्यावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहून तो सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवावा आणि दर दोन-तीन दिवसांनी त्याच काट्यावर तोलावा. वजन उतरत असेल तर लाकूड अजून वाळते आहे. वजन थांबले की ते घरातल्या हवेशी जुळले. गावातल्या जुन्या सुताराला यासाठी काटा लागत नाही. तो ठोकळा गालाला लावतो आणि सांगून मोकळा होतो, ‘हाई लाकूड आजून वलं शे, भाऊ.’ ओल्या लाकडाचा गारवा गालाला हातापेक्षा लवकर कळतो आणि हा अंदाज बऱ्याचदा बरोबर निघतो.

यानंतरची परीक्षा चाकूची. धार नीट लावलेला चाकू घ्यावा, कारण बोथट चाकूने चांगले लाकूडही वाईट ठरते. ठोकळ्याचा एक कोपरा निवडून नस आडवी तिरकी कापली जाईल असा एक पातळ काप काढावा आणि कापलेली जागा उजेडाकडे तिरपी धरून पाहावी. चांगल्या बासवुडवर तिथे मेणासारखी मंद चकाकी येते आणि निघालेला काप न तुटता गोल वळतो. जागा केसाळ, कापसासारखी दिसली तर लाकडात ओल आहे, किंवा ते वाकलेल्या खोडाच्या ताणलेल्या भागातले आहे, ज्याचे तंतू कापले जाण्याऐवजी उपटले जातात. ओल असेल तर वाळल्यावर सुधारते, ताणलेले लाकूड मात्र सुधारत नाही. आणि काप वळण्याऐवजी त्याचा भुगा झाला तर लाकूड फाजील वाळलेले आहे किंवा त्याला कूज लागली आहे. नखाने दाबूनही पाहावे: बासवुडवर नखाची खूण सहज उमटते, पण तंतू तुटत नाहीत.

रंगाचे फार स्तोम माजवू नये. सालीलगतचे लाकूड जवळजवळ पांढरे आणि गाभ्याकडचे फिकट तपकिरी असते. कोरायला दोन्ही चांगली, फक्त एकाच मूर्तीत दोन्ही आले तर पॉलिश केल्यावर चेहऱ्यावर पट्टा दिसतो. काळसर-निळे डाग मात्र ओल्या लाकडावर वाढलेल्या बुरशीचे असतात. त्यांनी लाकूड फारसे कमजोर होत नाही, म्हणून रंगवायच्या कामाला असा ठोकळा स्वस्तात मिळाला तर खुशाल घ्यावा. याउलट काळ्या बारीक रेषांनी वेढलेले फिके ठिगळ दिसले तर ती कूज आहे. ते दिसायला कितीही देखणे असले तरी चाकूखाली कुठे मऊ तर कुठे कडक लागते.

नस ठोकळ्याच्या लांबीला समांतर आहे की तिरकी जाते, हे बासवुडमध्ये ओळखणे कठीण, कारण रेषा जवळजवळ दिसतच नाहीत. लांब बाजूवर फाउंटन पेनच्या शाईचा एक लहान थेंब टाकावा. शाई ज्या दिशेने लांबट पसरते ती नस. बैलाचे पाय, हत्तीची सोंड, बासरी धरलेला हात अशा बारीक भागांतून नस आडवी गेली तर तो भाग आज ना उद्या मोडतो. म्हणून हा थेंब मूर्तीचा आराखडा काढण्यापूर्वी टाकायचा असतो. ठोकळ्याच्या टोकावर वलयांच्या मधोमध झाडाचा केंद्रबिंदू दिसत असेल तर तो ठोकळा परत पाठवावा किंवा चिरून केंद्र वेगळे करावे. केंद्र आत ठेवलेला ठोकळा तडकल्याशिवाय राहत नाही, मग लाकूड कोणतेही असो.

खानदेशची हवा

आता ज्या गोष्टीकडे परदेशी मार्गदर्शक पुस्तके लक्ष देत नाहीत त्या गोष्टीकडे वळू. भुसावळ-जळगावचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो आणि मे महिन्यातल्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की लाकडातली ओल साधारण ५–६ टक्क्यांवर येते. जुलै-ऑगस्टमध्ये तेच लाकूड हवेतून पाणी ओढून १४–१६ टक्क्यांपर्यंत पोचते. बासवुड मऊ असले तरी आकसण्या-फुगण्यात साधे नाही. पूर्ण ओले असताना आणि पूर्ण वाळल्यावर त्याच्या वलयांच्या दिशेने ९.३ टक्के फरक पडतो. याचा हिशोब मांडला तर ओल ६ वरून १४ टक्क्यांवर गेली की १०० मिलिमीटर रुंद फळी सुमारे अडीच मिलिमीटर फुगते आणि पुढच्या उन्हाळ्यात तेवढीच आकसते. तीन-चार इंची मूर्तीला याचे काही वाटत नाही. दीड-दोन फूट रुंद फलकावर किंवा देव्हाऱ्याच्या पाठीवर मात्र हाच फरक सांधा उघडतो, चौकट वाकवतो, नाही तर फळीला तडा देतो.

म्हणून माझे मत असे की खानदेशात बासवुड लहान आणि बारीक कामासाठी ठेवावे व मोठ्या फलकासाठी शिवण वापरावी. शिवण आपल्या सातपुड्यातली, शेताच्या बांधावरही सापडणारी. तिचे लाकूड फिकट पिवळसर असते, घनमीटरला साधारण ४५० ते ५०० किलो, म्हणजे बासवुडपेक्षा जरा जड. चाकूला थोडे जास्त टणक लागते आणि नस कुठेकुठे उलटी फिरते. पण आकसण्याच्या बाबतीत ती बासवुडच्या जवळजवळ निम्मी आहे: वलयांच्या दिशेने ४.९ टक्के. वर काढलेल्याच हिशोबाने १०० मिलिमीटर फळीत फरक पडतो तो फक्त सव्वा-दीड मिलिमीटरचा. आपल्याकडच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात हा गुण बासवुडच्या सगळ्या मऊपणापेक्षा मोलाचा ठरतो.

बाकीच्या स्थानिक लाकडांबद्दल थोडक्यात. काळा कुडा पांढरा, बारीक नसेचा आणि खेळण्यांना उत्तम. उदयपूर आणि चन्नपट्टणची लाकडी खेळणी याच लाकडाची, पण खोड बारीक असल्याने मोठा ठोकळा मिळत नाही. हळदू बारीक नसेचा आणि सुंदर पिवळा, मात्र चांगलाच जड, पटाशीनेच कोरावा. पांगारा आणि काटेसावर अतिशय हलके; मुखवट्यासारख्या मोठ्या, ढोबळ आकारांना ते योग्य आहेत, बारीक कामात कडा गळतात, आणि सावर तोडल्यावर लगेच चिरून वाळवली नाही तर बुरशी आणि किडा दोन्ही लागतात. गंमत म्हणजे सावर आणि धामण ही दोन्ही झाडे आजच्या वर्गीकरणात बासवुडच्याच कुळात मोडतात, तरी धामण इतकी चिवट की तिचा उपयोग कुऱ्हाडीच्या दांड्याला. नात्यावरून लाकूड निवडता येत नाही. एमआयडीसीत भंगारात मिळणाऱ्या पॅलेटचे, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी फळकुटांचे, पाइन कोरण्याच्या नादी लागू नये: त्यात मऊ आणि कडक पट्टे आलटून पालटून येतात. घ्यायचेच झाले तर शिक्का पाहावा. एचटी म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेले, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले, आणि हे दुसरे घरात आणू नये.

शिवणीचे ओले खोड मिळाले तर

ओळखीच्या शेतकऱ्याकडे वादळात पडलेली शिवण असली तरी ट्रॅक्टर पाठवण्यापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावे. साग, हळदू, मोह, आंबा, जांभूळ, चिंच यांसारखी झाडे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत, आणि अनुसूचित जमातीच्या खातेदाराच्या जमिनीवरील झाडांच्या विक्रीला १९६९ चा वेगळा कायदा लागू होतो. नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत तो विशेष लक्षात ठेवावा. वाहतूक परवान्याची गरज आहे का, हेही तिथेच कळते. वखारीतून घेतल्यास पावती जपून ठेवावी. जंगलातून डोक्यावरून आलेले स्वस्त लाकूड घेऊ नये. त्यात सापडणारा बहुधा आणणारा गरीब माणूस असतो.

खोड घरी आले की त्याच दिवशी दोन्ही टोकांना मेण, जुना ऑइल पेंट किंवा पांढरा डिंक जाड थापावा. लाकडातले पाणी लांब बाजूंपेक्षा टोकांतून कितीतरी वेगाने उडते आणि उन्हाळ्यात न झाकलेले टोक दोन दिवसांत चिरते. मग खोड मधोमध उभे चिरून केंद्र काढून टाकावे, फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून चळत लावावी आणि ती सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच ठेवावी. इंचभर जाडीला साधारण एक वर्ष हा ठोकताळा थंड मुलखातला. आपल्याकडे लाकूड त्याआधी वाळते, पण घाईने वाळलेल्या लाकडाच्या पोटात ताण राहतो, म्हणून पहिला उन्हाळा गोणपाटाने झाकून काढावा. पत्र्याच्या छपराखाली चळत लावणे टाळावे.

बासवुडचे तयार ठोकळेही याच काळजीने ठेवावेत. मे महिन्यात ते कूलरच्या थेट झोतात ठेवू नयेत. कूलर चालू असताना ओल आणि बंद असताना कोरडी झळ, अशा उलटापालटीने टोके चिरतात. झाकणाच्या डब्यात किंवा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवलेले बरे, पावसाळ्यात मात्र पिशवी उघडून हवा द्यावी. उन्हाळ्यात कोरताना लाकूड कडक आणि ठिसूळ लागू लागले तर निम्मे पाणी आणि निम्मे आयसोप्रोपिल अल्कोहोल यांचे मिश्रण फवाऱ्याच्या बाटलीतून कोरायच्या जागेवर हलके शिंपडावे आणि दोन-तीन मिनिटे थांबावे. नुसत्या पाण्याने तंतू फुगून पृष्ठभाग केसाळ होतो. अल्कोहोल लवकर उडते आणि चाकू पुन्हा सरकू लागतो. हे मिश्रण पेट घेते, म्हणून गॅस, देवाचा दिवा आणि विडी-सिगारेट यांपासून लांब बसावे.

काम पूर्ण झाल्यावर तेल किंवा पॉलिश फक्त दर्शनी बाजूला लावून थांबू नये. मागची बाजू आणि तळ तसाच कोरा राहिला तर पहिल्याच पावसाळ्यात तिकडून ओल शिरते, एक बाजू फुगते आणि फलक वाटीसारखा वाकतो. जितके हात पुढे, तितकेच मागे, आणि टोकांना एक जास्त.